समाकलनाचा स्थिरांक : आरंभीच्या शिलकेचे गणित

ग्रामपंचायतीची रोकडवही ज्यांनी हाताळली आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. महिन्यातील प्रत्येक जमा आणि प्रत्येक खर्च काटेकोरपणे नोंदविलेला असला, बेरजा-वजाबाक्या बिनचूक असल्या, तरी पानाच्या माथ्यावर आरंभीची शिल्लक लिहिलेली नसेल, तर महिनाअखेर पेटीत किती रक्कम असावयास हवी हे त्या वहीवरून सांगता येत नाही. फार तर, महिन्याच्या आरंभी होती त्याहून अमुक रुपये अधिक किंवा उणे आहेत, एवढेच सांगता येते. वहीतील नोंदी बदल सांगतात. मूळ रक्कम सांगत नाहीत. ती वेगळी मोजून लिहावी लागते.

उच्च माध्यमिक वर्गात समाकलन शिकविताना उत्तराच्या शेवटी एक स्थिरांक मिळवावयाचा असतो. सोयीसाठी त्यास येथे 'क' म्हटले आहे. हा 'क' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून गणिताच्या वहीतील आरंभीची शिल्लक होय. परंतु पुष्कळ विद्यार्थी तो एखाद्या विधीप्रमाणे लिहितात. लिहिला नाही तर गुण कापले जातात, एवढेच त्यांना ठाऊक असते. तो का लिहावयाचा आणि पुढे त्याचे काय करावयाचे, याचा उलगडा होत नाही. वस्तुतः पाणीपुरवठा, धरणांतील साठा, जमिनीच्या उंचीची मोजणी, लोकसंख्येचे अंदाज अशा अनेक सार्वजनिक व्यवहारांत याच स्थिरांकाशी पदोपदी गाठ पडते. यास्तव शिक्षकांप्रमाणेच प्रशासनातील आणि पंचायतींतील कार्यकर्त्यांनीही त्याचा अर्थ समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दर आणि साठा

कलनशास्त्राचे दोन भाग मानले जातात : अवकलन आणि समाकलन. एखादी राशी किती आहे हे ठाऊक असताना ती क्षणोक्षणी कोणत्या दराने बदलते हे काढणे म्हणजे अवकलन. याच्या उलट, बदलाचा दर ठाऊक असताना मूळ राशी शोधून काढणे म्हणजे समाकलन. पहिल्यात साठ्यावरून दराकडे जावयाचे असते, दुसऱ्यात दरावरून साठ्याकडे यावयाचे असते.

या दोन क्रिया परस्परांच्या उलट आहेत असे सांगितले जाते व ते स्थूलमानाने खरेही आहे. मात्र त्यात एक उणेपणा आहे. साठ्यावरून दराकडे जाताना एक माहिती वाटेत गळून पडते आणि परतीच्या वाटेवर ती आपोआप सापडत नाही. ही गळलेली माहिती म्हणजेच समाकलनाचा स्थिरांक.

एक साधे उदाहरण घेऊ. क्षवर्ग, म्हणजे क्ष गुणिले क्ष, या फलनाचे अवकलन केले असता २क्ष मिळते. आता क्षवर्ग + ५ हे फलन घेतले, तरी उत्तर २क्ष हेच येते. क्षवर्ग – ३ घेतले, तरी तेच. कारण उघड आहे. ५ ही संख्या बदलत नाही; जे बदलत नाही त्याचा बदलाचा दर शून्य असतो; आणि शून्य मिळविल्याने बेरजेत काही फरक पडत नाही. म्हणून 'ज्याचा दर २क्ष आहे असे फलन कोणते?' या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. क्षवर्ग + क हे त्याचे उत्तर होय आणि त्यात 'क'च्या जागी कोणतीही संख्या चालते. अशा उत्तरास अनिश्चित समाकलन हे जे नाव दिले आहे, ते याच कारणाने.

आलेखाच्या भाषेत हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. क्षवर्ग या फलनाचा आलेख काढून तोच आलेख कागदावर वर किंवा खाली सरकविला, तर प्रत्येक उभ्या रेषेवर त्याचा चढ पूर्वीइतकाच राहतो. चढ तोच, उंची मात्र निराळी. समाकलनाने असा एकावर एक रचलेल्या वक्रांचा पूर्ण संच हाती येतो. कागदावरील कोणताही एक बिंदू नक्की केला, की त्या संचातील एक आणि एकच वक्र त्या बिंदूतून जातो.

गावाच्या टाकीचा प्रश्न

समजा, एका गावाच्या पाणीपुरवठा टाकीची क्षमता ५०,००० लिटर आहे. पंप सुरू केला त्या क्षणी तासाला ८,००० लिटर पाणी टाकीत येते. परंतु विहिरीतील पातळी खाली जाते तसा हा वेग प्रत्येक तासाला १,००० लिटरने कमी होत जातो. म्हणजे पंप सुरू होऊन 'त' तास झाले असता पाण्याचा दर ताशी ८,००० – १,०००त लिटर एवढा असतो. पंप चार तास चालविला आणि त्या काळात टाकीतून पाणी सोडले नाही, तर टाकीत किती पाणी असेल?

दराचे समाकलन केले असता साठा ८,०००त – ५००तवर्ग + क असा येतो. 'त'च्या जागी ४ घातल्यास पहिले पद ३२,००० आणि दुसरे ८,००० होते. म्हणजे चार तासांत २४,००० लिटर पाण्याची भर पडली. पण प्रश्न भर किती पडली हा नव्हता. टाकीत पाणी किती आहे हा होता. त्याचे उत्तर २४,००० + क असे आहे. 'क' म्हणजे पंप सुरू करताना टाकीत असलेले पाणी, आणि ते पंपाच्या मीटरवरून कळत नाही. टाकीवर जाऊन पातळी पाहावी लागते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पुढील आकड्यांवरून ध्यानात येईल. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरले जाते. गावाची वस्ती ६०० असेल, तर दिवसाची गरज ३३,००० लिटर होईल. आरंभी टाकी रिकामी असेल, तर चार तासांनंतर २४,००० लिटर पाणी होईल आणि ९,००० लिटर कमी पडेल. आरंभी १०,००० लिटर असेल, तर ३४,००० लिटर होऊन गरज भागेल. आणि आरंभी ३०,००० लिटर असेल, तर हिशेब ५४,००० लिटरचा होईल. म्हणजे ४,००० लिटर पाणी टाकीवरून वाहून वाया जाईल. पंप तोच, वेळ तीच, समाकलनाचे सूत्रही तेच. एका ठिकाणी टंचाई, दुसऱ्या ठिकाणी समाधान आणि तिसऱ्या ठिकाणी नासाडी झाली, ती केवळ स्थिरांकामुळे.

फरक केवळ स्थिरांकाचाच का?

येथे चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात एक शंका येणे साहजिक आहे. दर समान असलेल्या दोन राशींत स्थिर फरक असू शकतो हे मान्य. पण याहून निराळा, कमीजास्त होणारा फरक असू शकणार नाही कशावरून? 'क' मिळविला की सर्व उत्तरे आली, एकही निसटले नाही, याची हमी काय?

दोन टाक्यांचा विचार केल्यास या शंकेचे निरसन होते. दोन्ही टाक्यांत प्रत्येक क्षणी अगदी सारख्याच दराने पाणी येते किंवा जाते असे समजू. मग त्यांच्या साठ्यांतील फरक कोणत्या दराने बदलतो? पहिल्याच्या दरातून दुसऱ्याचा दर वजा केला, तर प्रत्येक क्षणी शून्य उरते. जी राशी प्रत्येक क्षणी शून्य दराने बदलते, ती बदलतच नाही. म्हणून दोन साठ्यांतील फरक जेवढा आरंभी होता तेवढाच अखेरपर्यंत राहतो.

'शून्य दराची राशी बदलत नाही' हे विधान व्यवहारात उघड वाटले, तरी गणितात त्याला सिद्धतेचा आधार लागतो. तो आधार फ्रेंच गणिती लाग्रांज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यमान प्रमेयात मिळतो. एखादी बस एका तासात ४० किलोमीटर गेली असेल, तर त्या तासात निदान एका क्षणी तरी तिचा वेग ताशी बरोबर ४० किलोमीटर असलाच पाहिजे, असा त्या प्रमेयाचा आशय सांगता येईल. आता एखादी राशी दोन वेळांच्या दरम्यान थोडी जरी बदलली असेल, तर तिचा सरासरी दर शून्याहून निराळा होईल. मग मधल्या एखाद्या क्षणी प्रत्यक्ष दरही शून्याहून निराळा असला पाहिजे. परंतु तो सर्वत्र शून्य आहे असे आपण धरले होते. हा विरोध टाळावयाचा तर राशी बदलली नाही असेच मानावे लागते. अशा रीतीने एक स्थिरांक पुरेसा आहे, ही गोष्ट पक्की होते.

इतिहासातील काही टप्पे

बदलाच्या क्षणिक दराचा विचार भारतात फार पूर्वी सुरू झाला होता. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आढळतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात आहे. पुढे केरळात चौदाव्या शतकात माधव आणि त्यांच्या परंपरेतील गणितींनी अनंत श्रेढींच्या अभ्यासात मोठी मजल मारली.

सर्वसाधारण पद्धती म्हणून कलनशास्त्राची उभारणी सतराव्या शतकात इंग्रज गणिती न्यूटन आणि जर्मन गणिती लायब्निट्स यांनी स्वतंत्रपणे केली. न्यूटन यांनी बदलणाऱ्या राशींना 'प्रवाही' राशी मानले आणि दरांवरून प्रवाही राशी शोधणे हा आपल्या पद्धतीचा एक मुख्य प्रश्न ठरविला. लायब्निट्स यांनी २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात समाकलनासाठी लांबट आकाराचे ∫ हे चिन्ह योजले. बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर होय. हे चिन्ह आजही जगभर वापरले जाते.

मराठी वाचकांना हा विषय परिचित करून देण्याचे श्रेय 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे जाते. १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू करणाऱ्या या विद्वानाने 'शून्यलब्धि' या नावाने अवकलनाचा विषय मराठीत आणला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या भाषेत या शास्त्राची परिभाषा घडविण्याचा प्रयत्न झाला होता, ही गोष्ट आजच्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांना बळ देणारी आहे.

स्थिरांक ठरवावयाचा कसा?

स्थिरांक समाकलनाच्या आत शोधून सापडत नाही. तो बाहेरच्या माहितीवरून ठरवावा लागतो. कोणत्याही एका क्षणी राशीचे प्रत्यक्ष मूल्य कळले की पुरे. ते मूल्य आरंभीचेच असावयास हवे असे नाही. टाकीच्या उदाहरणात चार तासांनंतर पातळी पाहिली आणि पाणी ३४,००० लिटर भरले, तर आरंभी १०,००० लिटर होते हे उलट हिशेबाने कळते. मात्र व्यवहारात बहुधा आरंभीचे मूल्य दिलेले असते. म्हणून अशा माहितीस आरंभीची अट असे म्हणतात.

समाकलन दोनदा करावे लागले, तर स्थिरांकही दोन येतात. विहिरीत पडणाऱ्या दगडाचे उदाहरण येथे बोलके आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर पृथ्वीच्या आकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर या प्रमाणात वाढतो. खालची दिशा धन मानून एकदा समाकलन केले की वेग मिळतो : ९.८त + क१. पुन्हा समाकलन केले की विहिरीच्या काठापासूनची खोली मिळते : ४.९तवर्ग + क१त + क२. यांपैकी क१ म्हणजे दगड सुटताना त्यास असलेला वेग आणि क२ म्हणजे तो सुटला ते ठिकाण.

दगड काठावरून नुसता सोडला, तर दोन्ही स्थिरांक शून्य होतात आणि २ सेकंदांनी तो १९.६ मीटर खोल असतो. तोच दगड काठावरून सेकंदाला ४.९ मीटर वेगाने वर फेकला, तर क१ उणे ४.९ होतो आणि २ सेकंदांनी तो केवळ ९.८ मीटर खोल गेलेला असतो. काठापेक्षा ३ मीटर उंच असलेल्या फळीवरून नुसता सोडला, तर क२ उणे ३ होतो आणि खोली १६.६ मीटर भरते. निसर्गाचा नियम तिन्ही वेळा एकच आहे. नियम सर्वांना सारखा असतो. प्रत्येकाची सुरुवात मात्र निराळी असते आणि ती स्थिरांकांच्या रूपाने सूत्रात उतरते. एकाच गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने बांधलेले ग्रह आणि धूमकेतू निरनिराळ्या कक्षांत का फिरतात, या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने मिळते.

स्थिरांक केव्हा लागत नाही?

काही वेळा साठा किती हे जाणून घ्यावयाचे नसते. दोन वेळांच्या दरम्यान बदल किती झाला एवढेच हवे असते. अशा वेळी निश्चित समाकलन करतात. अखेरच्या मूल्यातून आरंभीचे मूल्य वजा केले जाते. दोन्ही मूल्यांत 'क' तोच असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. निश्चित समाकलनाच्या उत्तरात 'क' लिहीत नाहीत, त्याचे कारण तो विसरला गेला हे नसून तो वजा झाला हे आहे. विद्यार्थ्यांना हा भेद नुसता नियम म्हणून न सांगता वजाबाकी करून दाखवावा.

गिर्यारोहकाचा अनुभव असाच असतो. कळसूबाईच्या पायथ्यापासून शिखरापर्यंत किती चढलो, हे वाटेतील प्रत्येक टप्प्याचा चढ मिळवून काढता येईल. त्यासाठी समुद्रसपाटीची आवश्यकता नाही. परंतु शिखराची उंची १,६४६ मीटर आहे असे म्हणताक्षणी शून्य कोठे धरले हे सांगणे भाग पडते. भूमापनात उपकरण आणि पट्टी यांच्या साहाय्याने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणचा उंचीतील फरकच तेवढा मोजला जातो. सर्व फरकांची बेरीज उंची म्हणून वापरावयाची, तर सुरुवात ज्ञात उंचीच्या बेंचमार्कपासून करावी लागते. भारतात असे बेंचमार्क समुद्राच्या सरासरी पातळीशी जोडण्यासाठी १९०९ मध्ये देशाच्या किनाऱ्यावरील नऊ भरती-ओहोटी केंद्रांच्या नोंदींचा आधार घेण्यात आला. रस्ता, कालवा किंवा जलवाहिनी यांच्या नकाशावर लिहिलेल्या प्रत्येक उंचीच्या पोटात हा स्थिरांक दडलेला असतो. कालव्याचे दोन भाग दोन निरनिराळ्या शून्यांवरून मोजले, तर प्रत्येक भागाचा उतार बिनचूक असूनही सांध्याजवळ पाणी अडेल.

शून्य कोठे धरावे?

'क'चे मूल्य शून्य कोठे धरले यावर अवलंबून असते, ही गोष्ट धरणातील साठ्याच्या आकड्यांत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची मूळ आकड्यांनुसार एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यांपैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर हा उपयुक्त साठा आणि उरलेला ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा होय. शून्य धरणाच्या तळाशी धरले तर एक आकडा येतो. मृत साठ्याच्या वरच्या पातळीवर धरले तर दुसरा येतो. दोहोंत नेहमी ७३८ चा फरक राहतो.

उदाहरणादाखल समजा, एके दिवशी उपयुक्त साठा १,००० दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे एकूण साठा १,७३८ झाला. पुढील महिन्यात आवक, विसर्ग आणि बाष्पीभवन यांचा मेळ घालून ६० दशलक्ष घनमीटरची घट झाली. मग उपयुक्त साठा ९४० आणि एकूण साठा १,६७८ उरेल. घट दोन्ही रीतींनी ६० च आहे. तिच्यावर शून्याच्या निवडीचा काहीच परिणाम झाला नाही. परंतु टक्केवारी काढली की चित्र पालटते. ९४० हे २,१७१ च्या सुमारे ४३.३ टक्के आहेत, तर १,६७८ हे २,९०९ च्या सुमारे ५७.७ टक्के आहेत. एकाच दिवशी, एकाच धरणाविषयी हे दोन्ही आकडे खरे आहेत. शेतीसाठी आवर्तन किती द्यावयाचे आणि पिण्यासाठी किती राखावयाचे, याची चर्चा चालू असताना एका पक्षाने एक आणि दुसऱ्याने दुसरा आकडा धरला, तर वाद पाण्याचा न राहता स्थिरांकाचा होतो. म्हणून बैठकीत टक्केवारी मांडताना ती कोणत्या साठ्याची आहे, हे प्रथम विचारून घ्यावे.

दोन प्रकारच्या चुका

दरात झालेली चूक आणि स्थिरांकात झालेली चूक यांचा स्वभाव निराळा असतो. लोकसंख्येच्या अंदाजात हे स्पष्ट दिसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ इतकी नोंदली गेली. जनगणना म्हणजे एका ठरावीक क्षणीची शिरगणती, म्हणजेच 'क'. तिच्यानंतरच्या वर्षांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांच्यामुळे होणारा बदल मिळवून अंदाज बांधले जातात. जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदणीस १९६९ च्या अधिनियमाचा आधार आहे. या नोंदी कितीही पूर्ण असल्या, तरी त्या बदलच सांगतात. गावात माणसे किती, हे केवळ जन्ममृत्यूच्या नोंदवहीवरून कधीही कळणार नाही.

समजा, एखाद्या गावाच्या मूळ गणनेत २०० माणसे सुटली. पुढील सर्व नोंदी बरोबर असल्या, तर दहा वर्षांनी अंदाज २०० नेच चुकेल आणि वीस वर्षांनीही तेवढ्यानेच. स्थिरांकातील चूक वाढत नाही; पण ती आपोआप कमीही होत नाही. याउलट, मूळ गणना बरोबर असून वार्षिक वाढीचा हिशेब दरवर्षी २० नी चुकत असेल, तर पहिल्या वर्षी ही चूक ध्यानातही येणार नाही; दहा वर्षांनी ती २०० होईल आणि वीस वर्षांनी ४००. दरातील चूक साचत जाते. म्हणूनच ठरावीक काळाने पुन्हा प्रत्यक्ष मोजणी करून नवा स्थिरांक ठरविणे आवश्यक असते. भांडारातील मालाची वार्षिक प्रत्यक्ष मोजणी, रोकडवहीची पेटीतील रकमेशी पडताळणी आणि देशाची जनगणना या तिन्हींचे गणिती प्रयोजन एकच आहे.

वर्गात आढळणारे तीन घोटाळे

शिक्षकांच्या दृष्टीने तीन गोष्टींकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट बरोबर उत्तरे निरनिराळी दिसण्याची. २क्ष + २ या फलनाचे समाकलन एका विद्यार्थ्याने क्षवर्ग + २क्ष + क असे लिहिले आणि दुसऱ्याने (क्ष + १) चा वर्ग + क असे लिहिले, तर त्यांपैकी चूक कोणाचे? कोणाचेच नाही. दुसऱ्याचा वर्ग विस्तारून पाहिला तर तो क्षवर्ग + २क्ष + १ असा होतो. दोहोंत १ चाच फरक आहे आणि तो 'क'मध्ये सामावतो. मार्गदर्शिकेतील उत्तराशी जुळत नाही म्हणून असे उत्तर चुकीचे ठरविल्यास विद्यार्थ्यावर अन्याय होतो. उत्तराचे अवकलन करून मूळ फलन येते का, ही खरी कसोटी होय. त्रिकोणमितीय फलनांत असे प्रसंग वारंवार येतात.

दुसरी गोष्ट स्थिरांक कोणत्या पायरीवर लिहावयाचा, याची. तो ज्या पायरीवर समाकलन होते तेथेच लिहिला पाहिजे. शेवटी आठवण झाली म्हणून चिकटवून चालत नाही. ज्या राशीच्या वाढीचा दर त्या राशीच्याच प्रमाणात असतो, तिचे उदाहरण घ्यावे. समजा, पोषक द्रवातील जीवाणू दर तासाला दुप्पट होतात. तेथे समाकलनात लॉगरिदम येतो, 'क' त्या लॉगरिदमच्या जोडीला मिळविला जातो आणि लॉगरिदम काढून टाकला की बेरजेतील 'क' गुणकाच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून आरंभी ५०० जीवाणू असतील, तर तासाभराने १,००० होतात. 'क' मध्येच गाळून १ चे २ होतात असे सूत्र मांडले आणि आरंभीची संख्या जुळावी म्हणून शेवटी ४९९ मिळविले, तर तासाभरानंतर ५०१ एवढेच उत्तर येईल. हे उत्तर हास्यास्पद आहे. पण चूक आकडेमोडीची नसून स्थिरांकाला चुकीच्या जागी बसविण्याची आहे.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि बहुधा वगळली जाते. एक स्थिरांक पुरतो तो अखंड अंतरालावर. १ भागिले क्ष हे फलन क्ष शून्य असताना अस्तित्वात नसते. त्यामुळे संख्यारेषेचे धन आणि ऋण असे दोन तुकडे होतात. या दोन तुकड्यांवर दोन निरनिराळे स्थिरांक घेता येतात व दर मात्र दोन्हीकडे नियमाप्रमाणेच राहतो. नळाने परस्परांशी न जोडलेल्या दोन वाड्यांच्या दोन टाक्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. एका टाकीची पातळी पाहून दुसरीतील पाणी कळत नाही. दोन्हींची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते. मध्यमान प्रमेयाला सलग वाट लागते आणि येथे वाटच तुटलेली असते, हे त्याचे कारण होय.

अध्यापनासाठी सूचना

हा विषय शिकविताना सूत्रांच्या आधी एखादे मोजमाप हाती घेतल्यास चांगला परिणाम होतो. शाळेच्या टाकीत नळ किती वेळात बादली भरतो हे मोजून पाण्याचा दर काढावा, अर्ध्या तासात टाकीत किती पाणी असेल असे विद्यार्थ्यांना विचारावे आणि आरंभीची पातळी मुद्दाम सांगू नये. 'आधी किती होते?' हा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारील. तो विचारला गेला की फळ्यावर 'क' लिहावा. त्यानंतर तो गुणांसाठी लिहावयाचा उपचार राहणार नाही.

प्रशासनात आणि पंचायतींत काम करणाऱ्यांना समाकलनाची उदाहरणे सोडवावी लागत नाहीत. परंतु वाढ, घट, आवक, खप, टक्केवारी यांचे आकडे त्यांच्यापुढे रोज येतात आणि त्यांवरून निर्णय घ्यावे लागतात. पुढे आलेला आकडा बदलाचा आहे की साठ्याचा. साठ्याचा असल्यास आरंभीची मोजणी कोणी, केव्हा आणि कोणते शून्य धरून केली. आणि त्यानंतर प्रत्यक्ष पडताळणी झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय जडली, तर अनेक अंदाज वेळीच सुधारतील. टंचाईच्या दिवसांत टँकरची मागणी पाठविण्यापूर्वी टाकीवर चढून पातळी पाहणारा कर्मचारी समाकलनाचा स्थिरांकच निश्चित करीत असतो.